हत्तीची घंटा आणि म्हमाणे सर

“तो हत्ती काय खात होता?”

म्हमाणे सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या ओसरीत वही उघडून बसले होते आणि नुकतंच वाक्य म्हटलं होतं, की सर, शाळेच्या हत्तीच्या घंटेबद्दल माहिती हवी होती. मी गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी समोरच्या माळाकडे बोट केलं. बाभळी, त्यांच्याखाली चार शेळ्या, आणि पुढे नुसता मुरूम.

“शेळीला इथं पाला मिळत नाही बाई. हत्तीला कुणी काय घातलं असेल, याचा विचार तुम्ही केलात का?”

केला नव्हता. गावात कुणीच केला नव्हता.

सोलापूर शहरातून मी त्या गावात इंग्रजी शिकवायला गेले होते, तासाप्रमाणे. गावाचं नाव लिहीत नाही. सांगोल्याच्या बाजूचं, शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराचं गाव आहे, एवढं पुरे. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, त्यामुळे मराठी बोलायला येई, पण लिहायला बसलं की हात थबकायचा. तरी शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघणार म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी घंटेचा इतिहास माझ्याच गळ्यात घातला. “मॅडम, हत्तीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही फक्त नीट भाषेत मांडा. आणि म्हमाणे सरांना एकदा भेटा, मूळ संशोधन त्यांचंच आहे.”

गोष्ट अशी होती. फार पूर्वी कुठल्याशा संस्थानाच्या राजाचा हत्ती या गावावरून जाताना आजारी पडला. दुष्काळ असूनही गावातल्या बायकांनी घरातल्या घागरी आणून त्याला पाणी पाजलं. हत्ती वाचला नाही, पण राजा गावाचं पाणी विसरला नाही. हत्तीच्या गळ्यातली घंटा राजवाड्यात जपून ठेवलेली होती, ती शाळा निघाल्यावर राजेसाहेबांनी पाठवून दिली. पोरं घंटेला नुसतं ‘हत्ती’ म्हणायची. ‘हत्ती झाला का?’ म्हणजे तास संपला का. तालुक्याची माहिती देणारी एक पुस्तिका आहे, तीतही ही गोष्ट आहे आणि खाली छापलंय, ‘म्हमाणे सर यांच्या संशोधनानुसार.’

ती पुस्तिका मी सोबत नेली होती. सरांना दाखवली. त्यांनी ती उघडलीही नाही.

“ते संशोधन नव्हे,” ते म्हणाले. “ती थाप आहे. मी मारलेली.”

आतून काकूंचा आवाज आला, “आता ही बी ऐकणार का तुमचं? चहा घ्या आधी, बाई.” काकू म्हणजे सरांच्या पत्नी. पन्नास वर्षांचा संसार झालेल्या बाईला असतो तसा त्यांना सरांबद्दल निवांत अविश्वास होता. चहा देताना त्या म्हणाल्या, “दूध जरा नासल्यासारखं वाटतंय.”

“पुरावा?” सर म्हणाले.

“पिऊन बघा.”

सरांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवत म्हणाले, “पाहिलं.”

हे ‘पाहिलं’ काय, ते मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे कळलं. सरांच्या प्रत्येक वहीच्या प्रत्येक पानावर तीन उभे रकाने आखलेले असत. पाहिलं. ऐकलं. वाटलं. कुठलीही गोष्ट लिहायची, तर आधी ती कोणत्या रकान्यात जाते ते ठरवायचं. ओढ्याला पूर आला, हे पाहिलं. पूल वाहून गेला, हे ऐकलं. पावसाळा लांबणार, हे वाटलं. इतिहासाच्या तासाला मुलांनाही तसंच लिहायला लावायचे. त्यांच्या एका विद्यार्थ्याने म्हणे वार्षिक परीक्षेत एका लढाईच्या प्रश्नाला एवढंच उत्तर लिहिलं, ‘मी पाहिलेली नाही.’ दुसऱ्या शाळेतल्या मास्तरांनी पेपर तपासला आणि शून्य दिलं. मुलाचे वडील चिडून सरांकडे आले. सर त्यांना म्हणाले, “शून्य बरोबर आहे. उत्तरही बरोबर आहे. दोन्ही घेऊन घरी जा.”

निवृत्तीला वीस वर्षं होत आली तरी सर गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट घालत आणि वरच्या खिशात खडूचा तुकडा ठेवत. सायकल होती, पण मी त्यांना कधी तीवर बसलेलं पाहिलं नाही. ती हाताशी धरून चालत जायचे. विचारलं तर म्हणायचे, बसून गेलं की दोन्ही बाजूचं दिसत नाही. ‘नक्की’ हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता, ‘बहुतेक’ होता. एकदा मी त्यांचा वाढदिवस विचारला. “शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आहे,” ते म्हणाले. “पण ती ऐकीव. मी हजर होतो खरा, पण त्याचा उपयोग नाही.”

त्यांचा सर्वात लाडका किस्सा एस.टी.तला. सर टेंभुर्णीला निघाले होते. कंडक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. सरांनी ज्येष्ठ नागरिकाचं तिकीट मागितलं. कंडक्टरनं पाया पडून घेतलं आणि हात पुढे केला, “सर, पुरावा?” सरांनी खिसे चाचपले. आधार कार्ड घरी राहिलं होतं. डोक्यावरचे सगळे केस पांढरे, दाढा पडलेल्या. पण त्यांनी पूर्ण तिकीट काढलं आणि टेंभुर्णीपर्यंत खिडकीशी हसत बसले. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू त्या पोराला एखादं मोठं पारितोषिक मिळालंय.

अशा माणसानं हत्ती कुठून आणला, हे मला विचारायचं होतं. विचारायला मला तीन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी मी न विचारताच त्यांनी सांगितलं.

घंटा आली ती सर शाळेत येण्याच्या दहा-बारा वर्षं आधी. तोवर शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला होता. गावाबाहेरच्या वस्तीवर बायनाबाई वाघमोडे म्हणून मेंढरं राखणारी बाई राहायची. तिचा मुलगा शाळेत होता. घरातून शाळेत गेलेला पहिलाच. सातवीची फायनल तेव्हा मोठी परीक्षा. बायनाबाईनं माळावरच्या बिरोबाला नवस केला, की पोरगा पास झाला तर देवाला घंटा वाहीन. पोरगा पास झाला. ती पंढरपूरला गेली, भांड्यांच्या आळीत एका ओतकाम करणाऱ्याकडे बसली आणि एकाच साच्यातून दोन घंटा ओतून घेतल्या. एक बिरोबाच्या देवळात गेली. दुसरी तिनं डोक्यावर घोंगड्यात गुंडाळून शाळेत आणली आणि हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली.

“हेडमास्तर म्हणाले, अगं, नवस देवाला केला होतास ना? ती म्हणाली, देवाची देवाला दिली. पर रोज पाटीवर बोट धरून शिकवायला देव आलता व्हय? ही मास्तरची.”

देवळातल्या घंटेवर रिवाजाप्रमाणे देणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. शाळेच्या घंटेवर काही नव्हतं. हेडमास्तरांनी कोरून घ्यायचं म्हटलं, तर बायनाबाई नको म्हणाली, नाव कुणाला सांगूही नका म्हणाली. देवाच्या जोडीला मास्तर बसवला म्हणून देवळातली माणसं भांडायला उठतील, ही भीती. हेडमास्तरांनी दिवाळीच्या सुट्टीत घंटा टांगली. सुट्टी संपल्यावर रुळाच्या जागी घंटा दिसली आणि ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही. निवृत्त होताना हेडमास्तरांनी ही हकिकत नव्यानं आलेल्या तरुण मास्तराला, म्हणजे म्हमाणे सरांना सांगितली. पुढे ते वारले.

“मग मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी सव्वीस जानेवारी,” सर म्हणाले. “पाहुणे जिल्ह्याचे. भाषण करताना घंटा झाली तसे मध्येच थांबले आणि म्हणाले, वा, काय आवाज आहे घंटेचा, कुठून आणली? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी इतिहासाचा. माझं वय चोवीस. मी उभा राहिलो आणि हत्ती आला.”

“पण का, सर?”

“बायनाबाईनं नाव सांगू नका म्हटलं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं कारण नव्हे. तिनं नाव सांगू नका म्हटलं होतं. खोटं सांगा असं नव्हतं म्हटलं.” मग ते म्हणाले, “हत्ती मोठा दिसला, बाई. दुष्काळानं सगळी माणसं वाळून गेली होती. मी घागरींचं सांगितलं तेव्हा बायका रडल्या. मग टाळ्या. मला टाळ्या माहीत नव्हत्या त्याआधी.”

बायनाबाई त्या गर्दीत होती. मागे, जमिनीवर बसलेली. आठवड्यानं ती सरांच्या घरी आली, नातीला घेऊन. सरांना वाटलं, आता ही जाब विचारणार. ती म्हणाली, “मास्तर, हत्तीची गोष्ट लई ग्वाड हाय. माज्या नातीला परत सांगा की.”

“आणि?”

“सांगितली,” सर म्हणाले. “तिच्यासमोर. हत्ती, राजा, घागरी, सगळं. ती हसत ऐकत होती. ते हसणं कसलं होतं, हे मला तिसऱ्या रकान्यात लिहावं लागतं. तिथं मी आजवर बरंच काही लिहिलंय आणि खोडलंय.”

त्याच उन्हाळ्यात बायनाबाई गेली. मुलगा नोकरीला लांब गेला होता, वस्ती हळूहळू उठली. रकाने त्या वर्षापासूनचे.

सरांनी चूक सुधारायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, सरांचा विनय बघा. पुस्तिका निघाली तेव्हा त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं, की आपलं म्हणणं रास्त असेल, पण आपल्याच संशोधनाच्या विरोधात आपल्याकडे काही पुरावा आहे काय? तो कागद त्यांनी जपून ठेवला होता. “प्रश्न योग्य आहे,” ते म्हणाले. “हत्तीला छापील पुरावा आहे. बायनाबाईला माझी जीभ आहे, आणि ती एकदा खोटं बोललेली आहे.”

देवळात तिच्या नावाची घंटा त्यांनी लग्नाआधीच शोधून काढली होती. पण त्यावरून तिनं देवाला घंटा दिली एवढंच सिद्ध होतं. शाळेला दिली, हे ऐकलं. सरांच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे ते दुसऱ्या रकान्याच्या पुढे सरकत नव्हतं. आणि अमृतमहोत्सवाला तर हत्ती दगडात कोरला जाणार होता. संस्थेच्या अध्यक्षांनी, सगळे त्यांना तात्या म्हणतात, काळ्या दगडाचा फलक करायला टाकला होता. वर सोंड उचललेला हत्ती, खाली मजकूर. सर म्हणाले, “माझं वय बघता ही शेवटची संधी आहे. दगड बसला की मग मी कितीही ओरडलो तरी तो बसलेला.”

माझ्याकडून झालं ते एवढंच. महोत्सवासाठी घंटा घासायला म्हणून खाली उतरवली होती. ती इतकी वर्षं लोखंडी कमानीवर उंच टांगलेली. वाजवायचा दोर खाली, त्यामुळे तिला कुणी हात लावलेला नव्हता. व्हरांड्यातल्या बाकावर ठेवली होती, तेव्हा मी स्मरणिकेसाठी मोबाइलवर फोटो काढले. घरी मोठे करून बघताना दिसलं, की वरच्या कडीच्या रेषेत, अंगावरच्या दुसऱ्या गोल वळीखाली, एक बारीक उंचवटा आहे. तुरीच्या डाळीएवढा. मला वाटलं घाण असेल. दुसऱ्या दिवशी बोट फिरवून पाहिलं. धातूच होता. ओतताना साच्यात काही टवका गेला असेल, तिथं जादा पितळ भरलं होतं.

फोटो सरांना दाखवला. त्यांनी तो बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. मग काकूंना हाक मारून म्हणाले, “माझी टोपी दे.”

“कुटं निघालात उन्हाचं?”

“देवाला.”

काकू दारात आल्या आणि मला म्हणाल्या, “बाई, लग्नापासनं ह्यांना देवाला जाताना मी आज बघतीय.”

स्कूटीवर मागे बसून सर ताठ होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. माळावरचं बिरोबाचं देऊळ लहान आहे, पण मंडपाच्या छताला इतक्या घंटा आहेत की वर छत दिसत नाही. वाटीएवढ्या, तांब्याएवढ्या, घागरीएवढ्या. सगळ्यांवर भंडारा बसून त्या पिवळ्या झालेल्या. बायनाबाईची घंटा तिसऱ्या तुळईला, उंचावर होती. पुजाऱ्यानं लाकडी घोडी आणून दिली. मी चढू लागले तर सरांनी हात आडवा घातला.

“मी चढते सर, तुम्ही खाली थांबा.”

“तुम्ही पाहिलंत म्हणजे मी ऐकलं.”

सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस घोडीवर चढला. मी दोन्ही हातांनी घोडी धरून ठेवली. पुजारी सरांचे पाय धरून उभा राहिला आणि पुटपुटत होता, “बिरोबा, सांभाळ बाबा, मास्तर हायती.” वर सरांनी खिशातला रुमाल काढला, नावावरचा भंडारा पुसला, मग कडी हातानं चाचपली आणि तिच्या रेषेत बोट खाली आणलं. पहिली वळ. दुसरी वळ. तिथं ते थांबलं. बराच वेळ थांबलं. मला खालून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त शर्टाची पाठ दिसत होती.

खाली उतरल्यावर मला वाटलं, ते काही बोलतील. त्यांनी पिवळं झालेलं बोट बघितलं आणि म्हणाले, “आता बाकीच्या.”

“बाकीच्या कशाला, सर?”

“त्या ओतणाऱ्यानं त्याच साच्यात आणखी किती ओतल्या असतील? इथल्या अर्ध्या घंटांना तो उंचवटा निघाला तर आपण काय सिद्ध केलं?”

त्या आकाराच्या सगळ्या घंटा आम्ही तपासल्या. घोडी इकडून तिकडे. पुजाऱ्याचं जेवण राहिलं. बऱ्याच घंटा त्यांनी मला तपासू दिल्या, मात्र प्रत्येक वेळी विचारलं, “पाहिलंत, की वाटलं?” ऊन कलेपर्यंत काम चाललं. दुसऱ्या कुठल्याच घंटेला तो डाळीएवढा दाणा नव्हता. शेवटी सर मंडपाच्या पायरीवर बसले, वही काढली आणि पहिल्या रकान्यात चार ओळी लिहिल्या. लिहून झाल्यावर हात जोडले. देवाला की घंटेला, मला सांगता येणार नाही.

तात्यांच्या घरी बैठक झाली. मुख्याध्यापक, मी आणि सर. तात्या साठी ओलांडलेले, भारदस्त, बोलण्यात गोड. सरांचेच विद्यार्थी. सरांनी वही समोर ठेवून सगळं सांगितलं. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“सर, दगड कोरून झालाय की.”

“दुसरा कोरता येईल.”

“तसं न्हाय. दगडाचं काय घेऊन बसलाय?” तात्या पुढे सरकले. “त्या सव्वीस जानेवारीला मी पुडच्या रांगेत बसलो होतो. सावीत होतो. घरात खायला न्हवतं. तुमी हत्ती सांगिटला. त्याच्या आदी आमच्या गावाबद्दल कुनी कदी चांगला शब्द बोलल्यालं मी ऐकलं न्हवतं. आमी पानी पाजलं हत्तीला, हे घेऊन मी मोटा झालो, सर. आनि आता तुमी म्हनता हत्ती न्हवता.”

मला वाटलं, आता सर हरतील. कारण तात्या खोटं बोलत नव्हते.

“मग सगळ्या गावानं एका मेंढरंवालीची घंटा म्हनायचं व्हय?” तात्यांनी विचारलं.

सर आयुष्यभर शाळेच्या पुस्तकातल्यासारखी मराठी बोलले. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “व्हय.”

मग सर हळूच म्हणाले, “तात्या, गावानं पाणी पाजलं हे मी बनवलं. पण एका बाईनं पोरगा शिकला म्हणून देवाच्या बरोबरीनं शाळेला घंटा दिली, हे मला बनवता आलं नसतं. माझी तेवढी कल्पनाशक्तीच नव्हती. हत्तीपेक्षा ते मोठं आहे. मला चोविसाव्या वर्षी दिसलं नाही.”

तात्या खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी म्हणाले, “पोरांना सांगा तुमी. सोमवारी, प्रार्थनेला. हत्ती पोरांचा हाय. पोरांनी मानलं तर बगू.”

सोमवारी मैदानावर सगळी शाळा उभी होती. घंटा अजून बाकावरच होती, त्यामुळे त्या दिवशी शिपाई मावशींनी शिट्टी वाजवून पोरं गोळा केली. तात्या येऊन मागे भिंतीशी उभे राहिले. सरांनी माइक नको म्हटलं. सगळी हकिकत त्यांनी जशी मला सांगितली तशीच मुलांना सांगितली, आणि शेवटी म्हणाले, “हत्तीची गोष्ट खोटी होती. ती मी बनवली. तुमच्या आजोबांना मी फसवलं, आणि त्यांनी तुम्हांला जे सांगितलं त्यात त्यांचा दोष नाही. घंटा बायनाबाई वाघमोडे यांनी दिली.”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. लहान वर्गातल्या एक-दोघांचे चेहरे पडले. मला वाटतं, त्यांचा हत्ती तेव्हा खरोखर मेला. सरांनी काही सारवासारव केली नाही. हात मागे बांधून उभे राहिले.

मग सहावीच्या रांगेतून एक मुलगी बोलली. किडकिडीत, दोन घट्ट वेण्या. तिचं नाव मला माहीत आहे, पण तिला ते इथे आलेलं आवडणार नाही.

“सर,” ती म्हणाली, “आदी बी तुमीच सांगिटलं हुतं. आता बी तुमीच सांगताय. पुरावा काय?”

मुख्याध्यापक तिला गप्प करायला वळले. सरांनी त्यांचा दंड धरला. एस.टी.तल्या कंडक्टरची गोष्ट सांगताना व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“ये,” ते म्हणाले. “सगळे या. एकेक.”

देवळातल्या घंटेचे मोठे केलेले फोटो मी बाकाशेजारी चिकटवले होते, बायनाबाईचं नाव आणि त्याच्यावरचा तो दाणा. फोटो बघायचा, मग शाळेच्या घंटेवर बोट फिरवायचं. रांग व्हरांड्यातून मैदानात, मैदानातून फाटकापर्यंत गेली. पहिले दोन तास बुडाले. कुणाला पटकन सापडायचं, कुणाला नाही. “कुटं हाय सर?” असं कुणी विचारलं की सर जागा दाखवत नसत. “शोध. मी सांगितलं म्हणून मानू नकोस.” आणि सापडलं, की विचारत, “कोणत्या रकान्यात?” पोरं ओरडायची, “पाहिलं.” “पुढचा.”

पुढचं थोडक्यात सांगते. त्या वर्षअखेरीस माझं काम संपलं आणि मी सोलापूरला परत आले. सर पुढच्या पावसाळ्यात गेले. काकूंनी फोनवर सांगितलं, बाकी काही बोलल्या नाहीत. मध्यंतरी मी एकदा शाळेत जाऊन आले. फाटकाशी नवा फलक आहे. त्यावर चित्र नाही, बायनाबाईचं नाव आहे आणि एक ओळ आहे, ‘पोरगा शिकला म्हणून.’ हत्तीचा दगड पाण्याच्या टाकीशी पालथा घातलाय, पोरं त्यावर बसून डबे खातात. घंटेला मात्र अजून ‘हत्ती’च म्हणतात. ते सरांच्याही हातात नव्हतं.

पण सर आठवतात ते त्या सोमवारचे. रांग संपत आली होती, ऊन व्हरांड्यात शिरलं होतं. शेवटचं पोर बोट फिरवून वर्गाकडे पळालं, आणि त्याच्यामागे तात्या उभे होते. चपला त्यांनी पायरीपाशी काढून ठेवल्या होत्या. ते वाकले, फोटो बघितला, मग जाडजूड बोट घंटेवरून फिरवू लागले. वरून खाली, परत वर. त्यांना सापडेना.

“कुटं हाय वो, सर?”

“शोध,” सर म्हणाले. “मी सांगितलं म्हणून मानू नकोस.”

गावात तात्यांना अरे-तुरे करणारं दुसरं कुणी मी ऐकलं नाही. तात्यांनी कडी चाचपली आणि तिच्या रेषेत बोट खाली आणलं. दुसऱ्या वळीखाली ते थांबलं. तात्या तसेच वाकून राहिले.

“कोणत्या रकान्यात?” सरांनी विचारलं.

तात्या बोट न उचलता म्हणाले, “पयल्या, सर.”

“पुढचा,” सर म्हणाले.

मागे कुणीच नव्हतं. तात्या बाजूला झाले. सरांनी एकदा रिकाम्या मैदानाकडे पाहिलं, टोपी काढून काखेत धरली आणि स्वतःच रांगेत असल्यासारखे एक पाऊल पुढे आले. मग कडी चाचपून त्यांनी बोट खाली आणायला सुरुवात केली, सावकाश, जणू तो दाणा तिथं नसूही शकेल.